अर्धा पासवर्ड माझा

सोमवार, २ मार्च

आजपासून पुन्हा दैनंदिनी. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखे काही घडेना म्हणून बंद पडली होती. शेवटची नोंद पाहिली तर ‘नळाचा वॉशर बदलला’ अशी आहे आणि त्याखाली वॉशरबद्दल पाऊण पान.

आज मात्र घडले. कपडे वाळत घालता घालता ही म्हणाली, "अहो, मला काम मिळायची शक्यता आहे." माझ्या हातातला चिमटा खाली पडला. शिवणकाम शिकवणारी एक संस्था आहे. ती आता संगणकावरून घरबसल्या वर्ग चालवते. हिने स्वतः शिवलेल्या शर्टांच्या कॉलरचे फोटो लेकीकरवी त्यांच्याकडे धाडले होते, आणि मला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांना ते आवडले. सव्वीस तारखेला, गुरुवारी अकरा वाजता चाचणीचा तास आहे. संस्थेच्या बाई आणि तीन परीक्षक पडद्यावर असणार आणि हिने त्यांना कॉलर शिकवून दाखवायची. पसंत पडली तर वर्ग हिचा. नाहीतर दुसरी एक बाई तयारच आहे म्हणे.

"पण आपल्या कॉम्प्युटरला नेट कुठंय?" मी विचारले. संगणक लेकीने दिलेला आहे. त्यावर मी पत्त्यांचा डाव खेळतो आणि तो जिंकतो.

"तेच तर तुम्ही बघायचं. सुरक्षेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

हे मात्र खरे. माझी सगळी नोकरी बँकेच्या स्ट्राँगरूमच्या दारात गेली. दोन किल्ल्या असत. एक माझ्या कमरेला, दुसरी मॅनेजरच्या. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. मोठे साहेब का येईनात, मी पोचेपर्यंत आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. काम अंगावर घेतले आहे.

बुधवार, ४ मार्च

नेटवाला मोडेम घेऊन आला. हसतमुख माणूस, पण निष्काळजी. म्हणाला, "ही वायर मोडेमला, दुसरं टोक कॉम्प्युटरला, झालं काम."

"मध्ये कोण?" मी विचारले.

"मध्ये म्हणजे?"

"बाहेरचं जग आणि माझा कॉम्प्युटर, यांच्या मध्ये कोण उभं आहे?"

त्याने मागे वळून पाहिले. मग म्हणाला, "हवा तर मध्ये राउटर बसवता येतो, काका. आतून कुणी बोलावल्याशिवाय बाहेरच्याला तो आत घेत नाही. सरळ मोडेमला लावलात तर कॉम्प्युटर थेट रस्त्यावर."

थेट रस्त्यावर! आणि हा गृहस्थ तो तसाच लावून मोकळा होणार होता. मी त्याला चहा पाजला आणि राउटर आणायला परत पाठवले. ही म्हणाली, "अहो, आज जोडून तरी घ्यायचं." मी विचारले, "रस्त्यावर?" ती कपाळाला हात लावून बसली.

रविवार, ८ मार्च

निर्णय होत नाही. वायरने जोडावे की बिनतारी? वायरीचे बरे असते. चोराला ती पकडायची तर घरात यावे लागेल, आणि घराला माझी कुलपे आहेत. बिनतारी लहरी भिंतीतून आरपार जातात. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर राहतात, दवाखानाही तिथेच. बाई सज्जन आहेत, पण त्यांच्याकडे येणाऱ्यांचे काय? दाढ दुखणारा माणूस काय वाटेल ते करू शकतो.

लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, लाखो लोक वायफाय वापरतात."

"लाखो लोक रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघतही नाहीत," मी म्हणालो.

"बाबा, आईचा तास तोंडावर आलाय."

हे मलाही कळते. खरे सांगायचे तर मला भीती वाटते. स्ट्राँगरूमचे दार दिसायचे, त्यावर हात ठेवता यायचा. इथे दार कुठे आहे तेच समजत नाही. हे हिला सांगितलेले नाही.

बुधवार, ११ मार्च

राउटर बसला. मोडेम आणि राउटर बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला वेगळा पासवर्ड लागतो. तो काय आहे असे विचारले तर नेटवाला म्हणाला, "या कंपनीच्या सगळ्यांचा एकच असतो. खाली छापलाय बघा."

मी राउटर उलटा करून पाहिला. सगळ्या तिजोऱ्यांना एकच किल्ली, आणि ती बुडाला चिकटवलेली! ही पाणी घेऊन धावली. पासवर्ड ताबडतोब बदलून घेतला. नंतर संगणक ‘नवीन सुधारणा आल्यात, घेऊ का’ असे कधीचा विचारत होता, त्यालाही हो म्हटले. नेटवाला म्हणाला की तेही दार बंद करण्यातलेच आहे.

अखेर वायरच ठरली. संगणक आतल्या खोलीत हिच्या मशीनशेजारी आहे, म्हणून दारांच्या फटीतून जाईल अशी पांढरी चपटी वायर आणली. फार देखणी दिसते. ही म्हणाली, "बाई, अगदी इलॅस्टिकसारखी आहे."

शुक्रवार, १३ मार्च

वायर शिवली गेली.

ही लेकीच्या उशांचे अभ्रे शिवत होती. हाताशी आलेली पांढरी पट्टी तिने इलॅस्टिक समजून दुमडीत घातली आणि मशीन चालवले. मी पत्त्यांच्या डावाची नवी आवृत्ती उतरवायला लावून बाहेर राउटरचे दिवे बघत बसलो होतो, त्यातला एक विझला. आत जाऊन बघतो तर संगणकापासून निघालेली वायर थेट अभ्र्यात शिरलेली. टीप मात्र काय सुंदर बसली होती! वायरीच्या बरोबर मधोमध, एक टाका इकडचा तिकडे नाही.

मी म्हणालो, "अगं, हे इलॅस्टिक ताणून तरी बघायचं!"

"ताणलं ना," ती म्हणाली. "म्हटलं, हल्लीचं इलॅस्टिक असंच येतं."

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि नंतर पोट दुखेपर्यंत हसलो. अभ्रा तसाच कपाटात ठेवला आहे. उसवायचा जीव होईना.

रविवार, १५ मार्च

आता बिनतारीशिवाय गत्यंतर नाही. पण माझ्या अटीवर.

नेटवाला म्हणाला, लांबलचक पासवर्ड ठेवा आणि कुणाला सांगू नका. मी विचारले, कुणाला सांगायचा नाही तर तो कुणाला ठाऊक असावा? "तुम्हाला," तो म्हणाला. मी नकारार्थी मान हलवली. एका माणसाच्या हाती सगळी किल्ली? चाळीस वर्षे ज्या गोष्टीला आडवा आलो ती स्वतःच्या घरात करू?

म्हणून पासवर्डचे दोन भाग केले. पहिला माझा, दुसरा हिचा. एकमेकांना सांगायचा नाही. माझा भाग टाकताना ही पाठ करून उभी राहिली, हिचा टाकताना मी. राउटरने खात्रीसाठी तो पुन्हा टाकायला लावला, मग संगणकाने विचारला, त्यामुळे आम्ही गोल गोल फिरतच राहिलो. नेटवाल्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. त्याचे खांदे हलत होते. त्याला सर्दी असावी.

शेवटी संगणकाने विचारले, ‘हा पासवर्ड लक्षात ठेवू का?’ मी म्हणालो, "मुळीच नको. दार कधी किल्ली लक्षात ठेवतं का?" ही म्हणाली, "तुम्ही यांना सोडायला जा दारापर्यंत, मी बघते त्याचं." परत आलो तेव्हा तिने काय ते उरकले होते.

संध्याकाळी केस कापायला गेलो, तिथे गर्दी होती. परतलो तर ही दारातच उभी. "किती वेळ लावलात! सराव करायचाय, तुमच्यावाचून खोळंबा झालाय माझा." मी मुद्दाम सावकाश चपला काढल्या. निवृत्त झाल्यापासून माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. फार बरे वाटले. इथे लिहायला हरकत नाही.

गुरुवार, १९ मार्च

व्यवस्था उत्तम चालली आहे. मी सकाळी फिरून येतो, मग दोघे बसतो. मी माझा भाग टाकतो, ही तिचा टाकते, आणि मग हिचा सराव सुरू होतो.

काही गोष्टींवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे. आज फिरून आलो तर बंद संगणक हाताला गरम लागला. ऊन लागले असेल म्हणावे तर त्या खोलीत ऊन येत नाही. शिवाय हिला कुठून कुठून बातम्या कळतात! लेकीने केस आखूड केले, हे मला फोनवर कुणी सांगितले नाही. हिला मात्र ते कानाच्या किती वर आहेत तेही ठाऊक. मी विचारले तर म्हणाली, "आईला कळतं." असेल.

मंगळवार, २४ मार्च

ही घाबरली आहे. तोंडाने म्हणत नाही, पण काल भाजीत मीठ दोनदा घातले आणि आज अजिबात नाही.

आज मला विद्यार्थी म्हणून समोर बसवले. कापड, कात्री, खडू सगळे मांडले. "नमस्कार. आज आपण…" एवढे बोलली आणि थांबली. पुन्हा "आज आपण…" आणि पुन्हा गाडी अडली. वास्तविक कॉलर ही डोळे मिटून लावू शकते. मी म्हणालो, "आज आपण कॉलर करणार असू, बहुतेक." ती हसली, आणि मग जी सुटली ती थेट शेवटच्या बटणापर्यंत. मला एक शंका विचारायची होती, ती विचारायलाही फट सापडली नाही.

संस्थेकडे तिने पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितले आहे. बाकी आयुष्यभर आम्ही मागत आलो आणि ती देत आली. हे मला आज तिच्यासमोर बसल्यावर कळले.

गुरुवार, २६ मार्च

काय दिवस होता! ओठाचा बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही.

सकाळी राउटरमागच्या वायरी नीट बांधायला घेतल्या. प्लास्टिकची पट्टी हाताने घट्ट होईना म्हणून दातांनी ओढली आणि दाढेचा तुकडा उडाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही म्हणाली, "वर जा डॉक्टरांकडे, पण अकराच्या आत या हं." मी म्हणालो, "माझ्याशिवाय सुरू कसं होईल? येतोच."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, तोंडात कापूस कोंबला, दाढ कोरायला घेतली आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, काकू म्हणतायत असाल तसे या. तुमच्यावाचून अडलंय."

मी उठलोच. डॉक्टर मागून ओरडत होत्या, "अहो, दाढ उघडी आहे!" गळ्यातला निळा कागद फडफडत जिना उतरलो.

आत बघतो तर पडद्यावर चार चेहरे मांडलेले. परीक्षकांची चित्रे आधीच लावून ठेवलेली दिसली. नेटका विचार आहे हिचा. ही मात्र हातात कात्री धरून पुतळ्यासारखी बसली होती, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मी विचारले, "कुथे ताकू?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती, तिच्यात रेघ लुकलुकत होती. माझा भाग टाकला आणि बटण दाबले. एरवी ठिपके उमटतात, आज चक्क अक्षरे दिसली, पण घाईत कोण बघतो?

त्याच क्षणी चित्रे हसू लागली. म्हणजे जोडणी झाली. ही माझ्या निळ्या कागदाकडे आणि वाकड्या तोंडाकडे बघून इतकी हसली की कात्री खाली ठेवावी लागली. डोळे पुसले आणि म्हणाली, "नमस्कार. आज आपण कॉलर करणार आहोत, बहुतेक." आणि अशी काही शिकवली की मलासुद्धा आता लावता येईल असे वाटते. तिचा भाग तिने कधी टाकला ते मी पाहिले नाही. लगबगीत टाकला असेल.

वेळेवर पोचलो म्हणून निभावले, या समाधानात होतो. इतक्यात शेवटी संस्थेच्या बाई म्हणाल्या, "फार छान. उद्या मेलवर कळवते, होकार परवा संध्याकाळपर्यंत हवा. आणि तुमच्या किल्लीसम्राटांचेही आभार."

किल्लीसम्राट हाच माझा भाग आहे. जगात तो माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

शुक्रवार, २७ मार्च

घर फोडले गेले आहे, यात शंका नाही. कुठून ते शोधायचे.

पहिले काम म्हणजे मोडेम आणि राउटर दोन्ही उपटून लोखंडी कपाटात ठेवले. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. नेटवाल्याला फोन करून खडसावले. तो बिचारा शपथेवर सांगू लागला की मी भिंतीकडेच बघत होतो. मग मनात आले. इंजेक्शनच्या गुंगीत मीच तर बडबडलो नसेन? वर जाऊन डॉक्टरांना विचारले, "काल मी काही बोललो का?"

"बोललात की," त्या म्हणाल्या. "आ." आणि उरलेली दाढ भरली.

ही म्हणाली, "अहो, आज माझा निकाल मेलवर यायचाय." आमचे फोन साधे, बटणांचे. त्यांवर मेल येत नाही.

"निकाल थांबेल, चोर थांबत नाही," मी म्हणालो.

ती आत जाऊन मशीनला तेल घालत बसली. काल घातलेले होते.

शनिवार, २८ मार्च

सकाळी चहा समोर आला, पण आदळून. "निकाल आला असेल आणि मी हो म्हणून कळवलं नसेल तर ते आज संध्याकाळी दुसरीला देतील," ही म्हणाली. "किल्ली द्या."

"अगं, आपला पासवर्ड फुटलाय! डॉक्टरांकडे जाऊन वाच हवं तर."

"माझा निकाल मी दुसऱ्याच्या घरी जाऊन वाचायचा?" तिचा आवाज चढला. असा तो लेकीच्या लग्नातही चढला नव्हता. "कुणी काही फोडलेलं नाही. तुम्हीच लिहिलंत ते. ती चौकट पासवर्डची नव्हती, त्यांच्याशी गप्पा मारायची होती. तुम्ही किल्लीसम्राट असं लिहून धाडलंत आणि चौघांनी वाचलं."

मी कप खाली ठेवला. "मग पासवर्डची चौकट कुठे होती?"

"नव्हतीच. तास आधीच सुरू झाला होता. कॉम्प्युटरला पासवर्ड पहिल्या दिवसापासून पाठ आहे. त्यानं विचारलं तेव्हा मीच हो म्हटलं."

"म्हणजे मी फिरायला गेल्यावर…"

"रोज. लेकीशी बोलायची, सराव करायची."

"आणि मी आल्यावर माझा भाग टाकायचो तो?"

"तुमच्या चपला वाजल्या की त्याला विसरायला लावायची. तसं बटण असतं." आवाज खाली आला होता. "तुम्ही इतक्या ऐटीत टाकायचात."

मला राग आला. लाजही वाटली. दोन्ही एकदम आल्यामुळे हाती लागला तो मुद्दा धरला. "मग गुरुवारी मला बोलावलंस कशाला? दाढ उघडी टाकून आलो मी!"

ती खिडकीकडे बघत होती. "कॉम्प्युटरला सगळं आठवत होतं हो. मलाच पहिलं वाक्य आठवेना. चौघं जण टक लावून बघत होते. म्हटलं, हे समोर असले की येईल."

मी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

कपाट तिनेच उघडले. मी वायरी जोडल्या, या वेळी दात न लावता. मेल कालच आला होता. वर्ग हिला दिला आहे, गुरुवारपासून, आठवड्यातून दोनदा. संध्याकाळपर्यंत होकार कळवा असे होते. तिने ‘हो’ लिहिले आणि धाडण्याआधी मला म्हणाली, "वाचून बघा, बरोबर आहे ना?" एकाच अक्षराचा तो मजकूर मी बराच वेळ वाचत होतो.

रागावण्याचा हक्क मला आहे असे दुपारपर्यंत वाटत होते. मग मनात आले, तासाची धाकधूक डोक्यावर असताना ही रोज माझ्या चपलांकडे कान लावून बसायची, कशासाठी, तर मला रिकामे वाटू नये म्हणून. माझ्यासाठी इतके कुणी जागते राहिले नव्हते. बँकेतही नाही.

गुरुवार, २ एप्रिल

नवा पासवर्ड ठेवला आहे. लांबलचक आहे आणि दोघांना पूर्ण ठाऊक आहे. संगणकालाही. राउटर मध्येच उभा आहे, तो हलणार नाही, त्यावर मी अडून बसलो आणि हिलाही ते पटले.

म्हणजे आज पहिल्या वर्गाला मला काहीच काम नव्हते. मी चपला घालून बाहेर निघालो होतो. पाहतो तर मशीनच्या पलीकडे, पडद्यावर दिसणार नाही अशा जागी, हिने माझी खुर्ची मांडून ठेवलेली. मी चपला काढल्या आणि जाऊन बसलो.

अकरा वाजले. पडद्यावर एकेक बाई उगवू लागली. कुणाच्या मागे स्वयंपाकघर, कुणाच्या मांडीवर मूल, सगळ्यांच्या हातात कापड. हिने खडू उचलला, पडद्याकडे पाहिले आणि थांबली. मग मान वळवून खुर्चीकडे पाहिले.

मी मान हलवली.

"नमस्कार," ती म्हणाली. "आज आपण कॉलर करू या."